टाकाऊ डबा आणि टिकाऊ विद्या

(चुडावा, जि. परभणी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाची संहिता)



पूर्णा जंक्शनहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चुडावा हे स्थानक आहे. आगगाडीच्या वाटेवरील गावांत बाहेरचा माल लवकर येतो आणि मालाबरोबर त्याचे वेष्टनही येते. माल संपतो, वेष्टन मात्र मागे राहते. तेलाचा चौकोनी डबा, दूधभुकटीचा गोल डबा, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, रंगाचा डबा, फवारणीच्या औषधाचा डबा अशी ही यादी कोणत्याही गावात सारखीच आढळेल. यांपैकी काही डबे पुन्हा वापरात येतात, काही भंगारवाला नेतो आणि उरलेले उकिरड्यावर, नाल्याकाठी किंवा शेताच्या बांधावर गंजत पडतात.

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग शिक्षकवर्गाच्या चांगल्या परिचयाचा आहे. कार्यानुभवाच्या तासाला आणि वार्षिक प्रदर्शनाला तो नेहमी ऐकू येतो. परंतु पत्र्याच्या डब्यापासून काही करावयाचे झाल्यास तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवली पाहिजेत. या डब्यात पूर्वी काय होते? यापासून जे बनेल ते कोणाच्या उपयोगी पडेल? आणि हे काम मुलांना शिकवील कोण? पहिला प्रश्न मुलांच्या जीविताचा, दुसरा शिक्षणाचा आणि तिसरा गावातील कारागिराच्या पोटाचा आहे. तिन्ही प्रश्न सुटले तरच हा हस्तव्यवसाय शाळेत आणण्यात अर्थ आहे.

प्रथम डब्याविषयी थोडेसे. ज्याला आपण टिनचा डबा म्हणतो तो बहुतांशी पोलादाच्या पातळ पत्र्याचा असतो. टिन म्हणजे कथील. पोलादावर कथलाचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो व त्यामुळे पोलाद गंजत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई लावतात ती याच कथलाची. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. इतक्या कमी उष्णतेवर वितळणारा, चकाकणारा आणि अन्नाला न बाधणारा हा धातू आहे. म्हणूनच गावचा कल्हईवाला साध्या भात्यावर व नवसागराच्या चिमटीवर आपला व्यवसाय करू शकत असे. मुलांना डबा दाखवताना कल्हईची ही ओळख करून दिली, तर कारखान्याची वस्तू आणि गावची जुनी विद्या यांतील नाते त्यांच्या सहज ध्यानात येईल.

कथलाचा थर दिलेल्या डब्यात अन्न टिकविण्याच्या युक्तीचे पेटंट पीटर ड्युरँड याने १८१० साली इंग्लंडमध्ये घेतले. भारतात जमशेदपूरजवळ गोलमुरी येथील टिनप्लेट कंपनीच्या कारखान्यातून १९२२ साली हा पत्रा निघू लागला. त्यापूर्वीच रॉकेलचा चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा, चौकोनी डबा देशभर पोचला होता. मराठवाड्यात मनमाड-हैदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला आणि रेल्वेने येणाऱ्या मालाची वाट येथेही मोकळी झाली. १९३७ साली डालडा वनस्पती तूप बाजारात आले. त्याचा पिवळा डबा तर घराघरांतील सामानाचाच एक भाग झाला. तूप संपल्यावर कोणी त्यात डाळ ठेवली, कोणी तुळस लावली, कोणी त्याला तारेची कडी लावून पाणी शेंदले. त्या काळी रिकामा डबा ही फेकण्याची वस्तू नव्हती, तिला बाजारात किंमत होती.

या किमतीमागे एक कारागीर उभा होता. पत्र्याचे काम करणाऱ्या या कारागिराजवळ एक कातर, एक लाकडी मोगरी, लोखंडाचा एक तुकडा ऐरणीसारखा, शेगडी आणि डाख देण्याची कांडी एवढाच सरंजाम असे. तेलाचा १५ किलोचा डबा उलगडला, तर सुमारे २४ सेंटीमीटर चौरस तळाच्या व ३५ सेंटीमीटर उंचीच्या त्या डब्यातून जवळजवळ अर्धा चौरस मीटर पत्रा निघतो. त्यातून तो नरसाळे काढी, चाळणी काढी, रॉकेलची चिमणी, धान्याचे माप, केरभरणी, कणगीचे झाकण, पेटीचा कोपरा असे काय काय काढी. उरलेल्या कपट्यांचे तो रिबिटाखालचे चकते करी. कागदावर आराखडा न काढता गोलाचा पत्रा नेमका किती लांब कापावा, हे त्याला ठाऊक असे. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडा अधिक असतो, ही गोष्ट पुस्तकातून शिकण्याआधीच त्याच्या हाताला कळलेली होती.

मोठ्या शहरांत हा व्यवसाय आजही दिसतो. मुंबईच्या धारावीत तेरा कंपाउंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात भंगाराच्या पुनर्वापराचे मोठे उद्योग उभे राहिले. वापरलेले तेलाचे डबे धुऊन, ठोकून, पोचे काढून पुन्हा सरळ करण्याचे काम धारावीत वर्षानुवर्षे चालत आले आहे. खेड्यात मात्र प्लास्टिकच्या बरण्या, पिशव्या आणि साच्यातून निघालेल्या स्वस्त वस्तू आल्या व पत्र्याच्या कारागिराचे गिऱ्हाईक तुटले. त्याची मुले दुसऱ्या कामाला लागली. डबा अजूनही गावात येतो, परंतु त्याला उलगडणारा हात कमी होत चालला आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. या डब्यात पूर्वी काय होते?

परभणी जिल्हा कापूस व सोयाबीनचा जिल्हा आहे. हंगामात फवारणीच्या औषधांची डबडी, बाटल्या व डबे घरोघर येतात. यांपैकी पत्र्याचे डबे मजबूत असतात, झाकण घट्ट बसते, दिसायला चांगले असतात, आणि म्हणूनच ते सर्वांत धोक्याचे आहेत. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन येथील प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजनानंतर विषबाधा झाली आणि २३ मुले दगावली. तेलाच्या भांड्यात आणि उरलेल्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे न्यायवैद्यक तपासणीत आढळले. शाळेतील स्वयंपाकघराची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या प्रत्येकाने ही घटना स्मरणात ठेवावी. महाराष्ट्रातही २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्यू पावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. फवारणीचे विष अंगात जाण्यास ते पोटातच जावे लागते असे नाही. ते कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात भिनते.

कायदा याबाबत पूर्वीपासून स्पष्ट आहे. कीटकनाशक अधिनियम १९६८ चा असून त्याखालील नियम १९७१ चे आहेत. त्यांतील ४४ व्या नियमानुसार वापरलेली वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत यासाठी ती उघड्यावर टाकता येत नाहीत. ती फोडून वस्तीपासून दूर पुरावयाची असतात. असा डबा धुतल्याने शाळेच्या कामास योग्य होत नाही. तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, डब्याला भोक पाडून तो निरुपयोगी करावा आणि मग त्याची विल्हेवाट लावावी. मुलांच्या हाती तो कोणत्याही टप्प्यावर देऊ नये.

ओळखण्याची खूणही सोपी आहे. कीटकनाशकाच्या वेष्टनावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो व त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. हिरव्याचा अर्थ 'निर्धोक' असा मुळीच नाही. हे चार रंग चौथीच्या मुलालाही पाठ होतात. ज्या शाळेने एवढे एक शिकवले, तिने हस्तव्यवसायाच्या निमित्ताने घरोघरच्या धोक्याचे अर्धे काम केले असे समजावे.

रंगाच्या डब्यांविषयीही सावध राहिले पाहिजे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीच्या रंगांत शिसे याहून कितीतरी अधिक असू शकते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. यास्तव जुन्या रंगाचे पापुद्रे सुटलेला डबा घासणे, खरवडणे अथवा भाजणे टाळावे. यंत्राच्या तेलाचे व रसायनांचे डबेही शाळेच्या कामातून वगळावेत. तेलाचा डबा वस्तू बनविण्यास चालतो, मात्र त्यात पुन्हा खाद्यतेल भरून विकण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे, हे दुकानदारांना व बचत गटांनाही माहीत असावे.

मग शाळेने घ्यावयाचे कोणते? दूधभुकटी, बिस्किटे, चहा, तूप आणि खाद्यतेल यांचे डबे. नियम एकच ठेवावा. ज्याचे नाव वाचता येत नाही आणि ज्याचा इतिहास सांगणारे कोणी नाही, तो डबा वर्गात येणार नाही.

दुसरा प्रश्न उपयोगाचा.

अनेक शाळांच्या प्रदर्शनात डब्याला सोनेरी कागद चिकटवून केलेली फुलदाणी दिसते. तिला बक्षीस मिळते, चार दिवस ती टेबलावर राहते आणि नंतर पुन्हा उकिरड्यावर जाते. मुलाचे मन रमले, इतका लाभ तिच्यात आहे. तथापि ज्या वस्तूचा कोणालाच उपयोग नाही ती बनविताना मूल माप नेमके घेत नाही, कारण माप चुकले तरी काही बिघडत नाही. नरसाळे गळले तर लगेच समजते. केरभरणीची कड जमिनीला टेकली नाही तर केर आत जात नाही. उपयोगाची वस्तू आपली चूक आपणच दाखवून देते, आणि हस्तव्यवसायाचे शैक्षणिक मूल्य येथेच आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला व त्यातून नई तालीमचा उदय झाला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. 'समाजोपयोगी' आणि 'उत्पादक' ही दोन विशेषणे विचारपूर्वक योजलेली होती. वेळापत्रकात हा तास आला, परंतु पुष्कळ ठिकाणी साहित्याअभावी व शिकविणाऱ्याअभावी तो रिकामाच राहिला.

तो भरता येतो हे पुणे जिल्ह्यातील पाबळने दाखविले. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातील आपले काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे आला. विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस हाताने काम करावे, त्यात कार्यशाळा, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य हे चारही विभाग असावेत, आणि काम गावाच्या खऱ्या गरजेचे असावे, अशी त्याची आखणी होती. गावातील माणूस ज्या कामाचे पैसे मोजण्यास तयार आहे ते काम मुलाने नीट केले पाहिजे, हे त्यातील मर्म होय. पुण्यातच आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी आगपेट्या, रिकाम्या डब्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी अशा टाकाऊ वस्तूंतून शेकडो वैज्ञानिक खेळणी घडविली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महागड्या प्रयोगशाळेवाचून विज्ञान शिकविता येते, हे त्यांच्या कामाने सिद्ध झाले.

चुडाव्यासारख्या गावच्या शाळेत एका डब्याचा सर्वांत मोठा उपयोग कोणता, असे विचारल्यास त्याचे उत्तर पर्जन्यमापक हे होय. तोंड व तळ सारख्या व्यासाचा, सरळ उभ्या बाजूंचा डबा घ्यावा. झाडे व भिंती यांपासून दूर, मोकळ्या जागी, तो हलणार नाही असा बसवावा. त्याच्या उंचीहून वर असलेली कोणतीही वस्तू तिच्या अधिकच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावी. दररोज सकाळी साडेआठ वाजता डब्यातील पाण्याची खोली मोजून नोंदवावी व डबा रिकामा करावा. हवामान खात्याची मोजणीही सकाळी साडेआठचीच असते. पाणी जितके मिलिमीटर खोल तितका मिलिमीटर पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटरचे असल्यास १० मिलिमीटर पावसात त्यावर १,००० लिटर पाणी पडते. हे गणित एकदा मुलाने स्वतः केले, की छपराचे पाणी साठविण्याविषयी वेगळा उपदेश करावा लागत नाही.

दोन-तीन मिलिमीटरचा पाऊस फुटपट्टीने मोजणे अवघड जाते. त्यासाठी १० सेंटीमीटर व्यासाच्या डब्यातील पाणी ५ सेंटीमीटर व्यासाच्या सरळ बाटलीत ओतावे. व्यास निम्मा म्हणजे क्षेत्रफळ चौथाई, म्हणून पाण्याची उंची चौपट होते. बाटलीतील ४ मिलिमीटर म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. क्षेत्रफळाचा धडा फळ्यावर शंभरदा गिरवून जो कळत नाही, तो येथे एका ओतण्यात कळतो.

या नोंदीत गावाचेही हित आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग व परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना देत असते. परंतु आपल्या शिवारात नक्की किती पाऊस झाला, हे मोजल्यावाचून कसे कळावे? जमीन वरून ओली दिसते, पेरणी होते, पावसाची उघडीप पडते आणि दुबार पेरणीचे संकट उभे राहते. महसूल मंडळाच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी हे शासनाचे परिमाण त्या नोंदींवरून ठरते. शाळेच्या डब्याची नोंद शासकीय नोंदीची जागा घेऊ शकत नाही. तथापि एका मंडळात अनेक गावे येतात आणि पाऊस शिवारागणिक वेगळा पडतो. शाळेच्या भिंतीवरील फळ्यावर रोजचा व हंगामातील एकूण पाऊस लिहिला, तर येणारा-जाणारा शेतकरी तो वाचील व पेरणीचा विचार त्यावर करील. रिकाम्या डब्याचा याहून चांगला उपयोग शोधूनही सापडणार नाही.

याशिवाय केरभरणी, नरसाळे, खडूंची पेटी, प्रथमोपचाराची पेटी, रोपे तयार करण्याची कुंडी, पाखरांसाठी पाण्याचे भांडे या वस्तू शाळेत लागतातच. त्या विकत आणण्याऐवजी वर्गात बनविल्यास दरवर्षी कामाला तोटा पडणार नाही.

आता तिसरा प्रश्न. हे शिकवील कोण?

शिक्षकाने सर्व कामे स्वतः जाणावीत, ही अपेक्षा अवास्तव आहे. पत्रा हे साहित्य कागदासारखे दिसत असले तरी त्याची कड सुरीसारखी कापते. ते कापावे कसे हे ज्याच्या हातांनी आयुष्यभर केले आहे त्यानेच दाखवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या दप्तराविना शाळेची तरतूद आहे. त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ बसून काम शिकावे, असे त्यात म्हटले आहे. या यादीत गावचा पत्र्याचे काम करणारा, लोहार, कल्हईवाला यांनाही जागा मिळावी. त्याला वर्गात बोलावताना शिक्षकाप्रमाणेच सन्मानाने बोलवावे, बसावयास खुर्ची द्यावी आणि दिवसाच्या मजुरीइतके मानधन न विसरता द्यावे. ज्याच्या घरी चूल त्या दिवसाच्या कमाईवर पेटते त्याच्याकडून फुकट विद्या मागणे योग्य नव्हे.

मुलांसाठी कामाची रीत कारागिराच्या सल्ल्याने ठरवावी. तरीही काही गोष्टी सर्वत्र पाळल्या पाहिजेत. पाचवीपर्यंतच्या मुलांनी पत्रा कापू नये. मोठ्यांनी कड दुमडून दिलेल्या डब्यावर रंगकाम, मोजणी व आखणी एवढेच त्यांनी करावे. सहावीपासून पुढे जाड हातमोजे घालून, एका कातरीस एक मूल व दर चार मुलांमागे एक जाणता माणूस, या प्रमाणात काम व्हावे. कापलेली प्रत्येक कड कानशीने घासून दुमडावी. अधिक बळकटी हवी असल्यास कडेत तार घालून ती दुमडावी. जोडण्यासाठी दोन कडा एकमेकींत अडकवून मोगरीने ठोकाव्यात अथवा रिबिट मारावे. डाख देण्याच्या जुन्या मिश्रणात कथलाबरोबर शिसे असते, म्हणून ते काम मुलांनी करू नये आणि खाण्यापिण्याच्या वस्तूस तर तसा डाख मुळीच लावू नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापवू नये, त्याच्या धुराने ताप भरतो. धनुर्वातापासून संरक्षण देणारी टीडी लस १० व्या व १६ व्या वर्षी देण्याची सोय राष्ट्रीय लसीकरणात आहे. काम सुरू करण्यापूर्वी ती मुलांनी घेतली आहे की नाही, हे आरोग्य सेविकेकडून पाहून घ्यावे.

कारागिराच्या बाजूनेही काही करता येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत पत्र्याच्या कामाचे स्वतंत्र नाव नाही. मात्र लोहार, हातोडी व अवजारे बनविणारे, बाहुल्या व खेळणी बनविणारे हे व्यवसाय आहेत आणि अनेक कारागिरांचे काम त्यांपैकी एकात बसू शकते. पात्र ठरणाऱ्यास प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळण्याची तरतूद आहे. अर्जाच्या पडताळणीची पहिली पायरी ग्रामपंचायत हीच आहे. म्हणजे गावातील कारागीर कोण आणि त्याचा व्यवसाय काय, हे सरपंचांना व सदस्यांना माहीत असल्याशिवाय योजना त्याच्या दारापर्यंत पोचत नाही. तरुणांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून पत्रेकामाचा व्यवसाय शिकविला जातो. वडिलांचा हात आणि संस्थेचे प्रमाणपत्र एकत्र आले, तर धान्याच्या कोठ्या, पन्हाळी, कूलरच्या पेट्या अशी आजची कामे त्यांना मिळू शकतात.

शेवटी ग्रामपंचायतीच्या कामाविषयी दोन शब्द. शाळेने कितीही वस्तू बनविल्या तरी गावातील सगळे डबे त्यात संपणार नाहीत, आणि उरलेला उघडा डबा पावसाळ्यात स्वस्थ बसत नाही. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस पुरतात आणि त्याची अंडी कोरड्या भांड्यात अनेक महिने तग धरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचे आवाहन आरोग्य विभाग करतो. त्याच दिवशी गल्लीतील रिकामे डबे गोळा करण्याची प्रथा पाडल्यास दोन्ही कामे साधतील. गोळा केलेल्या डब्यांचे तीन ढीग करावेत. पहिल्यात शाळेच्या व कारागिराच्या कामाचे अन्नाचे डबे, दुसऱ्यात भंगारात द्यावयाचे, आणि कुलूपबंद ठेवून नियमाप्रमाणे नष्ट करावयाचे विषारी डबे तिसऱ्यात. तिसऱ्या ढिगाला मुलांनी हात लावू नये व तो भंगारातही जाऊ नये. पोलादी डबा चुंबकाला चिकटतो, त्यामुळे भंगारातून तो वेगळा काढणे सोपे असते. आणि जुन्या पोलादापासून नवे पोलाद करण्यास खनिजापासून करण्याच्या मानाने पुष्कळच कमी ऊर्जा लागते. भंगाराचे पैसे आले तर ते शाळेच्या कातरी, कानशी व हातमोज्यांवर खर्च व्हावेत.

अधिकारीवर्गाने या कामाची पाहणी करताना वस्तूंची संख्या मोजू नये. वर्षभरात किती वस्तू केल्या यापेक्षा त्यांतील किती वस्तू वर्षअखेर वापरात आहेत, पावसाची नोंदवही किती दिवस अखंड लिहिली गेली, कारागीर किती वेळा शाळेत आला व त्याला मानधन मिळाले की नाही, एवढे पाहिले तरी कामाची खरी किंमत कळेल. कागदावरील अहवाल आणि फळ्यावरील पाऊस यांत फरक पडल्यास फळ्यावर विश्वास ठेवावा, कारण तो गावाने रोज वाचलेला असतो.

पत्र्याचा डबा ही क्षुल्लक वस्तू आहे. गंजला की तो मातीस मिळतो. परंतु त्याचा पूर्वीचा उपयोग विचारण्याची सवय, माप नेमके घेण्याची शिस्त आणि कष्टकऱ्याच्या हाताला गुरू मानण्याची वृत्ती या गोष्टी मुलाजवळ राहतात. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाळेच्या अंगणात एक डबा पाऊस मोजण्यासाठी उभा राहावा आणि गावातील एका तरी कारागिराला वर्गात बसण्यासाठी निमंत्रण जावे. यासाठी वेगळ्या निधीची किंवा आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. डबा गावात आहे, कारागीर अद्याप गावात आहे, आणि शिकणारी मुले तर आहेतच.